लाभ अमूर्त, पाटी संगमरवरी

अमेरिकेतल्या देवळाला अडीचशे डॉलर किंवा त्याहून जास्त दान दिलं, की लेखी पावती घ्यावी लागते. ती नसेल तर आयकरात सूट नाही. या पावतीवर काय लिहायचं हेही कायद्यानं ठरवून दिलंय. दानाच्या बदल्यात देवळानं काही वस्तू किंवा सेवा दिली का? दिली असेल तर तिची किंमत लिहा, तेवढी रक्कम सुटीतून वजा. आणि दिलं ते फक्त ‘अमूर्त धार्मिक लाभ’ या सदरातलं असेल, तर तसं लिहा. मग पुण्याचा भाव कोणी विचारत नाही. सूट पूर्ण.

निष्काम दान समजावून सांगण्यात आपल्या कीर्तनकारांचा अख्खा चातुर्मास जातो. अमेरिकेच्या कर खात्यानं ते अर्ध्या ओळीत बसवलं.

आता प्रत्यक्षात काय काय मिळतं ते बघू. प्रवेशदाराजवळच्या संगमरवरी पाटीवर सोनेरी अक्षरात नाव मिळतं. उत्सवाच्या दिवशी पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते, ‘राखीव’ अशी चिठ्ठी चिकटवलेली. भटजी संकल्पात गोत्र-नक्षत्रासकट नाव घेतात, तेही माइकवर. पाहुणे म्हणून आलेल्या काँग्रेसमनबरोबर फोटो मिळतो. गाडी देवळाच्या दाराशी लावता येते. बाकीची प्रजा अर्ध्या मैलावरच्या शाळेच्या आवारात गाडी ठेवून शटल बसनं येत असते. हे सगळं अमूर्त.

कर खातं तसं भोळं नाही. देवळाच्या वार्षिक गाला डिनरचं तिकीट समजा दीडशे डॉलरला आहे आणि ताट साठ डॉलरचं. मग सूट फक्त नव्वदवर. पनीर माखनीचा बाजारभाव काढून तो भक्तीतून वजा करणं हे मला त्या देशाच्या थोरवीचं लक्षण वाटतं. भिंतीवरच्या नावाला मात्र हेच खातं फुटकी कवडी किंमत देत नाही. देणगीदाराचं नाव लावणं हा किरकोळ लाभ समजला जातो. नवी पाटी लागल्यावर आपली माणसं तिच्यासमोर उभी राहून आधी स्वतःचं नाव शोधतात आणि मग शेजाऱ्याचं आपल्यापेक्षा किती ओळी वर आहे ते मोजतात, हे कुठल्या कर अधिकाऱ्यानं पाहिलेलं नसावं. पाहिलं असतं तर ‘किरकोळ’ हा शब्द त्यानं खोडला असता.

गालाचा हंगाम म्हणजे या मंडळींचा खरा उत्सव. नवरात्र चुकलं तर चालतं, गाला चुकत नाही. हॉटेलची बॉलरूम, गोल टेबलं, टेबलामागे दहा खुर्च्या. पहिला तास समोसे हातात घेऊन ‘तुमचं कुठल्या कंपनीत?’ मग गणेशवंदना, मग कोणाच्या तरी मुलीचं भरतनाट्यम, मग पडद्यावर नियोजित देवळाची चित्रफीत. तिच्यात कळस आहे, कारंजं आहे, आणि पार्किंगमध्ये एकही गाडी नाही. दिवे मंद होतात. निवेदक पुढे येतो. हा बहुधा पेशानं डॉक्टर असतो, पण त्याचा गळा जन्मजात लिलाववाल्याचा. ‘कोण देतंय पंचवीस हजार?’

शांतता. चमचेसुद्धा थांबतात.

मग कोपऱ्यातून एक हात वर होतो. टाळ्या. हा हात आठवडाभर आधीच ठरलेला असतो. विश्वस्तांपैकीच कोणाच्या तरी मेहुण्याचा. त्याचं काम फक्त पहिलं पाऊल टाकायचं. पुढचं काम ईर्ष्या करते. हृदयरोगतज्ज्ञांचं टेबल मोटेलवाल्यांच्या टेबलाकडे बघतं, मोटेलवाले आयटीवाल्यांकडे बघतात, आणि आयटीवाले आपापल्या फोनकडे. अर्ध्या तासात कळसाचे पैसे उभे राहतात. म्हणजे कागदावर उभे राहतात. शब्द दिला आणि पैसे दिले यांच्यातलं अंतर बिचारा खजिनदार पुढे वर्षभर फोन करून कापत असतो.

त्या कागदाला प्लेज कार्ड म्हणतात. त्यावर नाव, रक्कम, हप्ते किती, आणि शेवटी ‘पाटीवर नाव कसं हवं?’ पहिले तीन रकाने मिनिटभरात भरून होतात. चौथ्याला जेवण निवतं. नवऱ्याचं आधी की बायकोचं? ‘डॉ.’ दोघांना की एकाला? आईवडिलांच्या स्मरणार्थ घालायचं तर सासू-सासरे टेबलावरच बसलेत, ते ठणठणीत आहेत, त्यांचं काय करायचं?

देणगीदारांच्या जाती चार. चांदी, सोनं, प्लॅटिनम, हिरा. चातुर्वर्ण्य संपलं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ही भिंत बघून यावी. फरक इतकाच की हे जन्मानं ठरत नाही, चेकनं ठरतं, आणि डिसेंबरच्या ३१ तारखेपर्यंत वरच्या वर्णात जाता येतं. त्या रात्री तिथे दानाला जो पूर येतो, तो नववर्षाच्या संकल्पामुळे येत नाही. कराचं वर्ष मध्यरात्री संपतं.

आणि विकायला काय नाही? वीट आहे, चौरस फूट आहे, खांब आहे, झुंबर आहे, चपलांचं कपाट आहे. पायरीसुद्धा आहे. पंढरपूरला नामदेवांनी पायरी मागितली ती येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांचे पाय लागावेत म्हणून. इथे पायरी घेणाऱ्याच्या नावावर कोणाचा पाय पडू नये म्हणून नाव बाजूच्या भिंतीवर लावतात.

आकड्यांचं एक बरं आहे, ते सातासमुद्रापलीकडेही शकुनाचे राहिले. अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक. तेलुगू मंडळींचे सोळावर संपतात: एकशे सोळा, अकराशे सोळा. दोनशे एक्कावन्न तर फारच सोयीचा आकडा. वरचा एक डॉलर शकुनाचा, आणि पावतीसाठी लागणारे अडीचशेही पुरे. शास्त्र आणि कायदा इतक्या गोडीनं नांदताना मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. आरतीच्या ताटात पूर्वी नोटा पडायच्या, आता गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी, बँकेतून थेट पैसे पाठवायच्या ‘झेल’चा क्यूआर कोड आहे, कारण त्यात कमिशन जात नाही. तरी काही भक्त क्रेडिट कार्डाचा हट्ट धरतात. पुण्याबरोबर विमानप्रवासाचे पॉइंट जमतात आणि कमिशन देव भरतो.

लाडवाचा लिलाव हा वेगळाच प्रकार. हैदराबादजवळच्या बाळापूरला गणपतीच्या लाडवाचा लिलाव १९९४ साली सुरू झाला, तेव्हा लाडू ४५० रुपयांना गेला. २०२४ साली त्याच लाडवाला तीस लाखांवर बोली लागली. तेलुगू मंडळींनी ही प्रथा अमेरिकेतही नेली. आता विचार करा. लाडू ही वस्तू आहे, अमूर्त लाभ नव्हे, म्हणजे तिची बाजारातली किंमत देणगीतून वजा व्हायला हवी. आणि लिलावात लागलेली बोली हीच बाजारातली किंमत म्हटली, तर सूट शून्य. आपल्या कर सल्लागाराला हा प्रश्न मार्चअखेरीस विचारावा. एप्रिलच्या मुदतीपर्यंत तो तुमच्याशी बोलणार नाही.

हे सगळं टर उडवायला सोपं आहे, पण देऊळ चालवायला पैसा लागतो हे खरंच. बँकेचं कर्ज असतं. विमा असतो. होमाच्या धुरानं आगीचा भोंगा वाजू नये म्हणून अग्निशमनवाल्यांची परवानगी असते. बर्फ हटवायला कंत्राटदार लागतो आणि तो प्रसादावर काम करत नाही. भटजी धार्मिक कामगारांच्या व्हिसावर येतात, त्याची कमाल मुदत पाच वर्षं. देवाची प्रतिष्ठापना कायमची, पुजाऱ्याची मुदतीची. एवढ्या काळात त्याला तमिळ पद्धतीचं लग्न, गुजराती पद्धतीचं वास्तुपूजन, मराठी सत्यनारायण आणि नव्या टेस्लाच्या चाकाखाली लिंबू, हे सगळं जमवायचं असतं. त्याचं नाव पाटीवर नसतं. कर्जाचं म्हणाल तर ते फिटत आलं की फेज टू निघते. सभागृह झालं की राजगोपुर, राजगोपुर झालं की ज्येष्ठांसाठी भवन, आणि बारा वर्षं भरली की दक्षिणी शास्त्राप्रमाणे महाकुंभाभिषेक आहेच. पुरं झालेलं देऊळ कोणाकडे पैसे मागणार?

देवही वाढत जातात. सुरुवातीला सगळ्यांना मिळून एक छप्पर हवं असतं, मग प्रत्येकाला आपला देव त्या छपराखाली हवा असतो. बालाजी, शिव, राधाकृष्ण, रामपंचायतन, मुरुगन, अय्यप्पा, दुर्गा, महावीर. एकेका देवापाशी एकेका प्रांताचं मतदान. जमलं तर एकत्र, नाही जमलं तर दुसरं देऊळ. पिट्सबर्गजवळ पेन हिल्सच्या टेकडीवर १९७६ साली वेंकटेश्वराची प्राणप्रतिष्ठा झाली. तिथून गाडीनं थोड्याच अंतरावर मन्रोव्हिलला हिंदू-जैन मंदिर आहे. एका गावाला एक देऊळ पुरत नाही, यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे एका आळीला एक गणपती पुरत नाही.

या सगळ्यात मराठी माणूस कुठे? पाटीवर शोधू नका. महाराष्ट्र मंडळं भरपूर आहेत. लंडनचं १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. पण स्वतःची वास्तू म्हटली की बहुतेक मंडळांची मजल शाळेच्या भाड्याच्या सभागृहापर्यंत. दहा दिवसांचा गणपती शनिवार-रविवारात बसवायचा, अथर्वशीर्ष म्हणायचं, नाटक करायचं, आणि विसर्जन कोणाच्या तरी परसातल्या टबात. मोठ्या देवळात आपण जातो ते पाहुणे म्हणून. अकरा डॉलर ठेवतो आणि आरती सुरात नव्हती म्हणून तक्रार करतो. १८९३ पासून सार्वजनिक गणपतीची वर्गणी मागत आलेला हा समाज. मागण्याची कला अवगत झाली, देण्याची अजून शिकवणी चालू आहे.

गंमत बघा, अमेरिकेत गावोगावी साईबाबांची मंदिरं झाली. बाबा शिर्डीचे, आरत्या मराठी, काकडपासून शेजेपर्यंत चारही. पण बहुतेक ठिकाणी मंदिर उभं केलं तेलुगू माणसांनी, आरत्या पाठ आहेत त्यांच्या मुलांना, आणि तेलुगू लिपीत छापलेल्या पुस्तिकेवरून खणखणीत मराठी म्हणणाऱ्या त्या गर्दीत एखादा कुलकर्णी ओठ हलवत उभा असतो, कारण त्याला दुसऱ्या कडव्यापुढे येत नाही. मराठी भाषेचा सर्वांत नियमित जाहीर पाठ परदेशात जर कोणी करत असेल, तर तो बहुधा विजयवाड्याचा सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. अभिजात भाषेच्या समित्यांनी त्याला एखादी शाल तरी द्यावी.

स्वयंपाकघराबद्दल वाईट बोलवत नाही. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागातल्या गणपतीच्या देवळाचं तळघरातलं कँटीन असं आहे की डोसा खायला आलेला माणूस जाता जाता दर्शन घेतो. इतर देवळांत रविवारी पहाटेपासून काकू, अम्मा, बा अशा सगळ्या मिळून चिंचेचा भात आणि दहीभात कालवतात. चपला लावायला, पत्रावळी उचलायला शाळकरी मुलं असतात. आजीच्या लेखी ती पुण्य कमावतात, आईच्या लेखी कॉलेजच्या अर्जासाठी सेवेचे तास. मुलगा सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घेतो आणि दोन्ही खात्यांवर जमा करतो. त्याला हिशेब कळतो. मोठ्यांना कळत नाही, किंवा कळून घ्यायचा नसतो.

कारण खरी अमूर्त गोष्ट देवळाचा हिशेब ही आहे. अमेरिकेतल्या साध्या धर्मादाय संस्थेला, अगदी भटक्या मांजरांच्या ट्रस्टलाही, ठरावीक मिळकतीच्या वर दरवर्षी कर खात्याकडे सविस्तर विवरणपत्र भरावं लागतं आणि ते कोणालाही वाचता येतं. पैसे किती आले, कुठे गेले, वरच्या अधिकाऱ्याला पगार किती, सगळं. देऊळ मात्र तिथल्या कायद्याच्या लेखी ‘चर्च’ या वर्गात मोडतं, आणि चर्चला या विवरणपत्रातून माफी आहे. ज्या देशात बर्फ हटवण्याचा खर्चसुद्धा तीन कोटेशनं मागवून ठरतो, तिथे कोट्यवधींचं देऊळ कोणालाही ताळेबंद न दाखवता चालू शकतं. काही देवळं आपणहून दाखवतात, सभेत वाचतात, संकेतस्थळावर टाकतात. त्यांना माझा दंडवत. बाकीच्यांकडे विचारलं तर उत्तरं पाठ असतात. ‘देवाच्या कामात संशय?’ ‘सगळे स्वयंसेवक आहेत हो.’ ‘वार्षिक सभेला या ना!’ वार्षिक सभा ठेवलेली असते सुपर बोलच्या रविवारी. सभेला पन्नास माणसं, नंतरच्या जेवणाला पाचशे.

गंमत म्हणजे हेच देऊळ दोन टोप्या घालतं. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यानं दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतःची घालतात, पण धार्मिक कामाला द्यायला बऱ्याच जणी नकार देतात. मग त्याच आवारात ‘सांस्कृतिक आणि शैक्षणिक केंद्र’ नावाची वेगळी संस्था निघते. हिशेब मागायला गेलात तर ते मंदिर असतं. कंपनीकडून पैसे घ्यायला गेलं की ते केंद्र होतं.

आणि सभासद म्हणजे कोण? हा प्रश्न हिंदू देवळानं शतकानुशतकं विचारलाच नव्हता. गावचं देऊळ, गावचे आपण, संपलं. अमेरिकेत मात्र देऊळ ही नोंदणी केलेली संस्था, तिला घटना, घटनेत सभासद, सभासदांना मत. फ्लशिंगच्या देवळाची संस्था १९७० साली नोंदली गेली, प्रतिष्ठापना झाली १९७७ च्या ४ जुलैला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन निवडला, पण लोकशाही यायला वेळ लागला. २००० नंतर काही भाविक कोर्टात गेले, की जुन्या घटनेप्रमाणे विश्वस्तांची निवडणूक घ्या. देवळाचं म्हणणं, आमच्या धर्मकार्यात सरकारनं पडू नये. कोर्टानं निवडणुकीचा हुकूम दिला आणि देखरेखीला रेफरी नेमला. रोज येऊन नारळ फोडणारा सभासद की वर्षातून एकदा चेक पाठवणारा, हे ठरवायची पाळी न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या कोर्टावर आली. मनूनंसुद्धा हे प्रकरण अंगावर घेतलं नसतं.

धर्माचं काम म्हणून हिशेब उघडा ठेवता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी लंडनकडे बघावं. ब्रिटनमधली देवळं देणगीदारांकडून ‘गिफ्ट एड’चा फॉर्म भरून घेतात, पौंडामागे २५ पेन्स सरकार देतं. त्याच वेळी इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनकडे मोठ्या संस्थांना हिशेब द्यावे लागतात आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर उघडे असतात. सदाशिव पेठेत बसून लंडनच्या देवळाचं वीजबिल बघता येतं. सदाशिव पेठेतल्या देवळाचं बघता येईलच असं नाही. आपल्याकडेही १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा आहे. त्याप्रमाणे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात आणि तिथे सुखानं राहतात.

लंडनचंच नीसडनचं स्वामीनारायण मंदिर १९९५ साली उभं राहिलं. बल्गेरियाचा चुनखडीचा दगड, इटलीचा संगमरवर, कोरलेले तुकडे २६ हजारांवर. त्याच्या निधीसाठी मुलांनी ॲल्युमिनियमचे रिकामे डबे गोळा करून भंगारात विकले. त्या पोरांना ना प्लॅटिनम, ना हिरा. गाला नाही, निवेदक नाही, मेहुण्याचा हात नाही. डबे मोजले, वजन केलं, पैसे आणून दिले. हिशेबाची इतकी स्वच्छ पद्धत नंतर एमबीए झालेल्या विश्वस्तांना सुचलेली दिसत नाही.

माझी सूचना साधी आहे. देणगीदारांच्या पाटीशेजारी तेवढ्याच आकाराची दुसरी पाटी लावा. गेल्या वर्षी किती आले, कर्जाचे किती गेले, भटजींना किती, गालाला किती आणि गालातून किती. संगमरवर नको, फळा चालेल. दरवर्षी पुसून नवं लिहायचं आहे. या पाटीसाठी दाता मिळत नसेल तर मराठी मंडळाला विचारा, अकरा-अकरा डॉलर गोळा करून तेवढं आम्ही नक्की जमवू.

आणि वाचकहो, तुमच्यापैकी जे न्यू जर्सीत, ह्यूस्टनला किंवा बे एरियात आहेत, त्यांच्यासाठी गालाचा हंगाम जवळ आलाय. टेबलावर कार्ड येईल, निवेदक तुमच्याकडे बघेल. पेन उघडण्याआधी गेल्या वर्षीचा ताळेबंद मागा. दाखवला तर एकशे एक लिहिणार होतात तिथे पाचशे एक लिहा. नाही दाखवला, तर पोटभर जेवून घरी या. ताटाचे पैसे तुम्ही तिकिटात भरलेलेच आहेत.